वाड्यातले भूत आणि राहून गेलेला हिशेब

घोड नदीच्या काठावर वसलेल्या शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी याच नावाने ओळखतात. अशा कोणत्याही जुन्या व्यापारी गावाच्या पेठेत एखादा वाडा असा असतोच, की ज्याच्या दिंडी दरवाजाला वर्षानुवर्षे कुलूप लागलेले आहे. दर्शनी बाजूस पेढी, आत चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर आणि वर माडी असा त्याचा थाट एके काळी होता. आज मिळकतीच्या उताऱ्यावर वारसांची नावे वाढत चालली आहेत. कोणी पुण्यात, कोणी सुरतेत, कोणी परदेशात. विकावा तर सह्या जमत नाहीत, दुरुस्त करावा तर खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. तिन्हीसांजेला त्या बोळातून जाणारी मुले मात्र पावले झपझप उचलतात, कारण रात्री माडीवर कोणीतरी चालते, असे त्यांना सांगून ठेवलेले असते.

वाडा, कुलूप, वारस आणि माडीवरची पावले या चार गोष्टींवर इंग्रजी साहित्यात कादंबऱ्यांचे एक स्वतंत्र दालन उभे राहिले आहे. जुने घर विकत घ्यायचे किंवा ते वारशाने हाती यायचे, दुरुस्तीचे काम काढायचे, भिंत उकलताना काहीतरी सापडायचे, घरातल्या भुताशी ओळख व्हायची आणि अखेरीस एखाद्या खुनाचा उलगडा व्हायचा, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते. हे दालन मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. ज्यांच्या नावावर अशा वाड्याचा चौथा किंवा सोळावा हिस्सा आहे, त्या व्यापारी घरांना मात्र त्यात आपलेच काही सापडण्याजोगे आहे.

घरगुती रहस्यकथा

या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात. 'कोझी' म्हणजे ऊबदार, घरगुती. या कादंबऱ्यांत खून होतो, परंतु तो पडद्याआड होतो. रक्तपाताची वर्णने नसतात, अर्वाच्य भाषा नसते, शृंगार मर्यादेत असतो. गाव लहान असते आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलीस खात्यातील नसते. ती दुकान चालवणारी, स्वयंपाक करणारी, विणकाम करणारी, गावातलीच कोणी बाई असते. सत्य बाहेर येते, दोषी सापडतो आणि गावाची विसकटलेली घडी पुन्हा बसते. सासूने वाचून सुनेच्या हाती द्यावी आणि सुनेने निःसंकोच मुलीला द्यावी, असे हे वाङ्मय आहे.

अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही या घराण्याची मूळ स्त्री. तिची पहिली कादंबरी 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' १९३० साली आली. खेड्यात राहणारी ही अविवाहित वृद्धा माणसे ओळखण्याचे शास्त्र आपल्या गावातल्या कुरबुरींवरून शिकलेली आहे. कोणाचा स्वभाव कोणासारखा आहे, एवढे तिने जुळवले की गुन्हेगार सापडतो. ज्यांनी गिऱ्हाईक उंबऱ्यात पाऊल टाकताच त्याची पत ओळखणारे शेठजी पाहिले आहेत, त्यांना मिस मार्पलची रीत परकी वाटणार नाही.

जुन्या घराची दुरुस्ती आणि रहस्य यांची गाठ ख्रिस्ती यांनीच 'स्लीपिंग मर्डर' या कादंबरीत अत्यंत सुंदर घातली आहे. ही कादंबरी १९७६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडहून आलेली ग्वेंडा ही नवविवाहिता इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका गावात जुने घर घेते. बागेत या जागी पायऱ्या हव्यात, असे ती माळ्याला सांगते, आणि झुडपे काढल्यावर नेमक्या तेथेच जुन्या पायऱ्या निघतात. दोन खोल्यांमध्ये दार पाडावे असे तिला वाटते, आणि गवंडी सांगतो की तेथे पूर्वी दार होतेच, ते मागाहून बुजवले आहे. एका खोलीला अमुक फुलांचा कागद लावावा असे तिच्या मनात येते, आणि रंगाखाली बंद पडलेले कपाट उघडताच आत तोच कागद दिसतो. घर झपाटलेले आहे की आपलेच डोके फिरले आहे, असा प्रश्न तिला पडतो. उत्तर साधे आणि म्हणूनच अधिक भयंकर आहे: लहानपणी ती याच घरात राहिलेली असते, आणि तेव्हा तिने जे पाहिले ते ती विसरून गेलेली असते. पुढचा उलगडा येथे सांगून वाचकाचा आनंद हिरावणे बरे नव्हे.

गवंड्याची करणी आणि दस्ताचा पेच

अलीकडच्या काळात अमेरिकेत या बीजाचा मोठा विस्तार झाला. सारा ग्रेव्हज यांच्या 'होम रिपेअर इज होमिसाइड' या मालिकेतील पहिली कादंबरी १९९८ साली निघाली. तिचे नाव 'द डेड कॅट बाउन्स'. शेअर बाजाराशी संबंध असलेल्यांना हा वाक्प्रचार परिचित आहे: कोसळणाऱ्या भावाने घेतलेली क्षणिक उसळी. मालिकेची नायिका जेकोबिया न्यूयॉर्कमध्ये धनिकांच्या पैशाची व्यवस्था पाहत असे. ते सारे सोडून ती मेन राज्यातील ईस्टपोर्ट या समुद्रकाठच्या गावी एक जुने, मोडकळीस आलेले घर घेते. खिडक्यांच्या चौकटी, गळके छप्पर आणि न संपणारा खर्च यांची वर्णने रहस्याइतकीच मन लावून केलेली आहेत. जेनी बेंटली यांच्या 'फेटल फिक्सर-अपर' या २००८ सालच्या कादंबरीत एव्हरी या तरुणीला वृद्ध आप्त स्त्रीचे जुने घर वारशाने मिळते. घराबरोबर त्यातले प्रश्नही मिळतात.

भूत उघडपणे आले ते ज्युलिएट ब्लॅकवेल यांच्या मालिकेत. तिची पहिली कादंबरी 'इफ वॉल्स कुड टॉक' २०१० साली आली. नायिका मेल टर्नर ही मानववंशशास्त्राची अभ्यासक. घरच्या परिस्थितीमुळे विद्यापीठ सोडून ती वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय हाती घेते आणि सॅन फ्रान्सिस्कोतील जुनी घरे मूळ रूपात आणू लागते. या कामात तिला मृतांच्या छाया दिसू लागतात. वडिलांची पेढी मुलीने सांभाळणे, कामगारांचे पगार वेळेवर देणे, गिऱ्हाइकाचे लहरी हट्ट पुरवणे आणि वर भुतांचे गाऱ्हाणे ऐकणे, असा तिचा दिनक्रम आहे. त्याच वर्षी ई. जे. कॉपरमन यांची 'नाइट ऑफ द लिव्हिंग डीड' आली. जुन्या प्रसिद्ध भयपटाच्या नावावर ही कोटी आहे. मूळ शब्द 'डेड', म्हणजे मृत, आणि कादंबरीत त्याचे 'डीड', म्हणजे खरेदीखत, झाले आहे. ॲलिसन ही घटस्फोटित आई लहान मुलीसह न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मोठे जुने घर घेते. तेथे पाहुण्यांसाठी निवास काढावा असा तिचा विचार असतो. काम करताना डोक्यावर पलिस्तराची बादली पडते, आणि शुद्धीवर आल्यावर तिला घरातली दोन भुते दिसू लागतात. एक खासगी गुप्तहेर, दुसरी त्या घराची आधीची मालकीण. आपला खून कोणी केला हे त्या दोघांनाही ठाऊक नसते. ते तिने शोधावे, असा त्यांचा आग्रह असतो.

या सर्व कथांत भुताची कामगिरी सारखीच आहे. ते कोणाचा गळा धरत नाही. त्याची एक नोंद राहून गेलेली असते: मृत्यू अपघात म्हणून दाखवला गेला, मृत्युपत्र दडवले गेले, हक्काची व्यक्ती घराबाहेर घातली गेली. ती नोंद योग्य खात्यावर चढली की भूत शांत होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे भूत म्हणजे कीर्दीत आहे पण खतावणीत नाही, अशी रक्कम होय. ताळेबंद जुळत नाही तोवर तो आकडा निजू देत नाही.

भिंत उकलण्याचे शास्त्र

दुरुस्ती आणि तपास यांची सांगड या लेखकांनी ओढूनताणून घातलेली नाही. दोन्ही कामांत थर काढत मागे जावे लागते. आपल्याकडच्या वाड्याचे बांधकाम जाणणाऱ्याला हे सहज पटेल. खाली घडीव दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची जाड भिंत, सागवानी खांब, तुळया आणि त्यांवर कडीपाट. चुना घाणीत मळून मुरवला जाई. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर अशी द्रव्ये पडत. अशा भिंतीत कोनाडे आणि दिवळ्या असत, धान्यासाठी बळद असे, तिजोरी भिंतीतच बसवलेली असे. घराची वाटणी झाली की दोन भावांच्या मध्ये एक दार बुजवले जाई. पुढे त्यावर गिलावा चढे, आणि दोन पिढ्यांनी तेथे दार होते हेच कोणाला ठाऊक नसे. परंतु बुजवलेल्या जागेची वीट वेगळी असते, चुना वेगळा असतो, आणि टिचकी मारली की आवाजही वेगळा येतो. जाणत्या गवंड्याला ते कळते.

रात्रीच्या आवाजांनाही अशीच उत्तरे असतात. दिवसा तापलेले सागवान रात्री थंड होऊन आखडते आणि तुळई कडकन वाजते. तख्तपोशीवर उंदीर धावतात. त्यांच्या मागे गव्हाणी घुबड येते; त्याचा चित्कार ऐकून धीराचा माणूसही दचकतो, मात्र धान्याच्या व्यापाऱ्याचा त्याच्याइतका प्रामाणिक राखणदार दुसरा नाही. भिंतीवर उमटणारे पांढरे डाग लोण्याचे असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा थापला की आतली ओल कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. ज्या भिंतीला श्वास घ्यायला चुना हवा, तिचे तोंड सिमेंटने बंद करणे हा जुन्या घरांवर नकळत होणारा मोठा अन्याय आहे.

मराठी वाडा भितो का, भिववतो का?

मराठीत रहस्यकथा आणि भूतकथा या दोहोंची परंपरा समृद्ध आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. नारायण धारपांनी भयकथेला मराठीत प्रतिष्ठा दिली. त्यांचा 'समर्थ' हा नायक अमानवी शक्तींशी झुंजतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा माणसाच्या मनातल्या अंधाराचा ठाव घेतात. धारपांच्या कथेवरून स्फुरलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला. त्यातील जुन्या वाड्याच्या चित्रणासाठी पुणे जिल्ह्यातील सासवडचा पुरंदरे वाडा उपयोगी पडला. गुप्तधनाच्या लोभाने तीन पिढ्यांचे काय होते, ही त्या चित्रपटाची कथा. कोकणातल्या वाड्यावरची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ पासून घरोघरी पाहिली गेली.

या सर्वांत वाडा भिववतो. तो दुरुस्त करावा, असे त्यातील कोणालाच वाटत नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात एकही भूत नाही. तरीही विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा तो ढासळता वाडा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर प्रेक्षकाचा पिच्छा सोडत नाहीत. पाश्चात्त्य कादंबरीची नायिका बाह्या सरसावून भिंत खरवडायला लागते. आपल्या कथेतला वारस मुकाट्याने वाडा कोसळताना पाहतो. या फरकाचे कारण भुतांत नसून मालकीत आहे. तेथे घर एका व्यक्तीचे असते. येथे ते पंधरा जणांचे, आणि म्हणून कोणाचेच नसते. शिवाय झपाटलेल्या वाड्याला भाव येत नाही, हे पेठेत सर्वांना ठाऊक असते. वाडा पडत्या किमतीत मिळावा असे ज्याला वाटते, त्याला माडीवरची पावले फार उपयोगी पडतात. भूत पाहिले असे सांगणाऱ्याचा त्या जागेशी काय संबंध आहे, हा मिस मार्पलने विचारला असता असा पहिला प्रश्न होय.

दुसरा धोका गुप्तधनाच्या नावाने येतो. वाड्यात हंडा आहे आणि त्यावर राखणदार आहे, असे सांगून विधीसाठी पैसे उकळणारे भोंदू आजही फिरतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये त्याखाली गुन्हा ठरतात. प्रत्यक्षात काही सापडलेच, तर १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

शिरूरचे मायाळू भूत

मराठी भूत नेहमी भयंकरच असते असेही नाही. त्याचा पुरावा खुद्द शिरूरमध्ये आहे. इंग्रजांच्या काळात शिरूरला लष्करी छावणी होती. कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी १८०३ सालच्या असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढला होता. १८०९ साली त्याचे शिरूर येथे निधन झाले आणि तेथील दफनभूमीत त्याची कबर बांधली गेली. पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात नोंद आहे, की शिरूर व आसपासच्या खेड्यांतील लोक वॉलेसला सत्पुरुष मानतात, त्याच्या कबरीची पूजा करतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याला आणून देतात. परक्या देशातून लढायला आलेला एक सेनाधिकारी मृत्यूनंतर पाऊण शतकाने या मातीतल्या पिकाचा पहिला वाटेकरी झाला होता.

त्याच नोंदीत एक लहानसा अपवाद सांगितला आहे: ब्राह्मण आणि मारवाडी यांच्याखेरीज इतर सर्व हिंदू ही पूजा करतात. कारण दिलेले नाही. परंतु शिरूरच्या पेठेतल्या व्यापारी घरांनी ही ओळ वाचताना क्षणभर थांबावे. गावाचे भूतसुद्धा सर्वांचे समाईक नव्हते. कुणब्याच्या सुगीतला पहिला दाणा सत्पुरुषाकडे जात होता, आणि त्याच सुगीतला बराचसा उरलेला दाणा पेढीवर येत होता.

करड्याचे घर

शिरूर तालुक्यातील सर्वांत मोठ्या घराच्या रहस्यात मात्र भूत नाही, आणि ते कोणत्याही कादंबरीत आलेले नाही. ते इतिहासात आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. कर्जाची रक्कम सुमारे दीडशे रुपये होती. देशमुखाचे राहते घर सावकाराच्या ताब्यात आले, आणि त्याने ते पाडून टाकले.

कायद्याने त्याची बाजू पक्की होती. हुकूमनामा खरा होता, घर त्याचे झाले होते. परंतु गावात देशमुखाचे घर म्हणजे चार भिंती नव्हेत. करड्याच्या लोकांनी त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी कसेना, त्याच्या दुकानी कोणी जाईना. ही हवा आजूबाजूच्या गावांत पसरली. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारपेठेवर जमाव चालून गेला, आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. जमावाला हवे होते ते रोखे, खते आणि वह्या. ते हाती आले की त्यांची होळी होई; माणसांना गंभीर इजा झाल्याचे प्रकार त्या मानाने थोडे होते.

सर्व दोष सावकारीचा नव्हता. अमेरिकेतील यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला, पण सरकारने वाढवलेला शेतसारा तसाच राहिला. शेतकरी सारा भरायला सावकाराकडे जाई आणि सावकाराला वसुलीसाठी कोर्टच दिसे. पेढ्यांवर बसलेल्या अनेकांनी अडीनडीला गाव तगवला होता, हेही तितकेच खरे. तरीही करड्याचे ते पाडलेले घर नजरेआड करता येत नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि त्यात न्यायाधीशाला एक अधिकार मिळाला: केवळ रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचा. एका परीने तो प्रत्येक कर्जखात्याच्या रहस्यकथेचा शेवटचा अध्याय लिहिण्याचा अधिकार होता.

हुकूमनामा हाती असलेल्या त्या दिवशी काळूरामने घर उभे राहू दिले असते, तर त्याचे व्याज बुडाले नसते. इतर पेढ्यांच्या वह्या पेटण्यास जे निमित्त झाले, ते मात्र टळले असते. कायद्याने आपले झालेले घर पाडताना गावाच्या नजरेत ते कोणाचे आहे, हा प्रश्न व्यापाऱ्याने विचारावा लागतो. आज वाडा बिल्डरला देताना, त्यात साठ वर्षे राहिलेल्या भाडेकरूला नोटीस धाडताना, किंवा विधवा काकूचा हिस्सा हक्कसोड पत्राने काढून घेताना हाच प्रश्न नव्या कपड्यांत समोर येतो. काकूची सही कायदेशीर असते. पुढे माडीवर जी पावले वाजतात, ती बहुधा त्या सहीची असतात.

भूत आणि हिशेब

जैन तत्त्वविचारात भटकणाऱ्या अतृप्त आत्म्याला जागा नाही. देह सुटला की जीव काही समयांत, म्हणजे कल्पनेतही न मावणाऱ्या सूक्ष्म काळात, पुढील जन्मस्थानी पोहोचतो. भूत आणि पिशाच हे शब्द शास्त्रांत येतात, परंतु तेथे ती व्यंतर देवांच्या आठ प्रकारांपैकी दोहोंची नावे आहेत. ते मेलेल्या आजोबांचे राहिलेले अवशेष नव्हेत. म्हणून आजोबा माडीवर अडकले आहेत, ही समजूत घरातल्या देवघराशीच विसंगत आहे. आजोबा केव्हाच पुढे गेले. मागे राहिले आहे ते त्यांनी केलेले आणि त्यांच्या नावाने केलेले व्यवहार.

या दृष्टीने वाचले तर या विदेशी कादंबऱ्या करमणुकीपलीकडे काही देतात. त्यांतले भूत सत्य उच्चारले गेल्यावर शांत होते. संवत्सरीला एकमेकांच्या दारी जाऊन क्षमा मागणाऱ्या समाजाला ही कल्पना नवी नाही. फक्त ती क्षमा हयात माणसांकडे, हयात असतानाच मागितली जाते. ज्या चुलत घराशी वाटणीवरून तीस वर्षे बोलणे बंद आहे, त्याच्या उंबऱ्यावर पाऊल टाकणे हे वाडा दुरुस्तीचे पहिले काम ठरू शकते.

कुलूप उघडताना

वाडा ठेवायचा की द्यायचा, हा प्रत्येक घराचा आपापला निर्णय आहे. ठेवणे नेहमीच शक्य नसते, आणि जागेचा मोहसुद्धा परिग्रहच. परंतु निर्णय कोणताही असो, जेसीबी येण्यापूर्वी काही गोष्टी करून ठेवणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. सर्व खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत. एखाद्या वास्तुविशारदाकडून मोजमापाचा नकाशा करून घ्यावा. कोनाडे, बळदे, माळे आणि भिंतीतली तिजोरी सर्व वारसांच्या समक्ष उघडावी आणि जे निघेल त्याची यादी करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. रहस्यकथेतले अर्धे खून ही एक यादी टाळू शकली असती. घरातल्या सर्वांत वृद्ध आत्याला किंवा काकूला चौकात खुर्ची टाकून बसवावे आणि ती जे सांगेल ते ध्वनिमुद्रित करावे. कोणते दार कधी बुजले, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

आणि जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. त्यांतल्या कित्येक मोडीत किंवा काना-मात्रा नसलेल्या मुडिया लिपीत आहेत. 'काकाजी अजमेर गये' असे लिहिलेले पत्र घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' असे वाचले आणि रडारड सुरू झाली, हा किस्सा मारवाडी घरांतून पिढ्यानुपिढ्या सांगितला जातो. एका मात्रेच्या अभावी जिवंत माणसाचे भूत होते, याहून चांगली रहस्यकथा कोणती? ही लिपी सराईतपणे वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्या हयातीत निदान एखादी वही वाचून घेतली, तर कोणाचे किती येणे होते, कोणत्या दुष्काळात कोणाला सूट दिली, कोणाचे घर सोडवून दिले आणि कोणाचे बुडवले, हे सारे समजेल. त्यातले काही अभिमानाचे निघेल, काही खाली पाहायला लावणारे.

माडीवर पावले वाजतात असे मुलांनी सांगितले, तर त्यांना रागावू नये. टॉर्च घेऊन त्यांच्यासह वर जावे. तुळईवर बहुधा गव्हाणी घुबड बसलेले दिसेल. त्याला तसेच बसू द्यावे, आणि खाली कोपऱ्यात लाल कापडात बांधलेले जे गाठोडे धूळ खात पडले आहे, ते तेवढे हळुवार उचलून उजेडात आणावे.